कायदा बदलला; घरातील संवादाचे काय?

भारतीय कादंबरीत वयात येणाऱ्या तरुणाच्या कथेचा विषय निघाला, की म्हैसूरचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. या शहरात वास्तव्य असलेल्या आर. के. नारायण यांच्या 'स्वामी अँड फ्रेंड्स' (१९३५) आणि 'द बॅचलर ऑफ आर्ट्स' (१९३७) या कादंबऱ्यांनी या कथेला एक घाट दिला. दुसऱ्या कादंबरीतील चंद्रन मालतीच्या प्रेमात पडतो, पत्रिका जुळत नाही म्हणून दुखावतो, संन्यासी होऊन भटकतो आणि अखेर घरी परततो. त्याचे दुःख मोठे असले तरी ते आईवडिलांना सांगता येण्याजोगे आहे.

जे दुःख घरात सांगताच येत नाही, त्याची कथा सचिन कुंडलकर यांच्या 'कोबाल्ट ब्लू' या मराठी कादंबरीत येते. मौज प्रकाशनाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या कादंबरीत पुण्यातील एका मध्यमवर्गीय कुटुंबात एक तरुण भाडेकरू म्हणून राहायला येतो. घरातील तनय आणि अनुजा ही भावंडे एकमेकांच्या नकळत त्याच्याच प्रेमात पडतात. अनुजा त्याच्यासोबत निघून जाते. पुढे तो तिलाही सोडून जातो. ही हकिकत दोघे आपापल्या निवेदनातून सांगतात.

कादंबरीचे मर्म या दोन निवेदनांमधील अंतरात आहे. अनुजाच्या वर्तनाने घर हादरते, तिच्यावर बंधने येतात. तरीही तिच्यावर आघात झाला आहे, हे सर्वांना मान्य असते. तनयने तोच माणूस गमावलेला असतो, परंतु त्याने काही गमावले आहे याची घरातील कोणालाच कल्पना नसते. समलैंगिक तरुणाची कोंडी येथे कोणत्याही खलपात्राविना उभी राहते. घर प्रेमळ आहे. मात्र त्या घराच्या भाषेत तनयच्या नात्याला शब्दच नाही.

या कादंबरीच्या वाटचालीत कायद्याने अनेक वळणे घेतली. ती प्रसिद्ध झाली तेव्हा भारतीय दंडविधानाच्या कलम ३७७ नुसार समलैंगिक संबंध हा गुन्हा होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी दिलेला दिलासा सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी रद्द केला. त्याच वर्षी जेरी पिंटो यांनी केलेला 'कोबाल्ट ब्लू'चा इंग्रजी अनुवाद वाचकांपर्यंत पोहोचला. कन्नडमध्ये वसुधेंद्र यांचा 'मोहनस्वामी' हा समलैंगिक नायकाच्या कथांचा संग्रहही २०१३ मधीलच. प्रौढांमधील संमतीचे संबंध ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने गुन्ह्याच्या व्याख्येतून वगळले गेले. २०२२ मध्ये या कादंबरीवरील चित्रपट नेटफ्लिक्सवर प्रदर्शित झाला, तेव्हा त्याचे कथानक पुण्याहून कोचीला नेण्यात आले होते.

मात्र गुन्हेगारीचा शिक्का पुसला जाणे आणि नात्याला मान्यता मिळणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलैंगिक विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला आणि हा प्रश्न कायदेमंडळाच्या कक्षेत असल्याचे नमूद केले. या निकालावरील फेरविचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळण्यात आल्या.

या पार्श्वभूमीवर 'कोबाल्ट ब्लू'चे महत्त्व ओसरलेले नाही. या कादंबरीत न्यायालय नाही, आंदोलन नाही, घोषणाही नाही. आहे तो जेवणाच्या वेळी एकत्र बसणाऱ्या कुटुंबातील एक मुलगा, ज्याचा शोक इतरांना दिसत नाही. चंद्रन घरी परतला तेव्हा त्याच्यासाठी वधू पाहण्याचा मार्ग तरी कुटुंबाजवळ होता. तनयसारख्या मुलाने आपले दुःख बोलून दाखवले, तर त्याला काय उत्तर द्यायचे, हे २०१८ च्या निकालाने ठरवलेले नाही. ते उत्तर प्रत्येक घरालाच शोधावे लागणार आहे.