चूल कुठं होती, ते विचारा

या सदराच्या वाचकांना माझी खोड ठाऊक आहे. जुन्या घरात शिरलो की दिवाणखाना सोडून मी आधी चूल कुठं होती ते विचारतो. या आठवड्यात नांदेडहून पाहुणे आले, त्यांना पाथरीचं साई जन्मस्थान मंदिर दाखवायला नेलं. दर्शन झालं, प्रसाद घेतला आणि मंडळी गाडीकडं निघाली. खाली जुन्या घरातल्या वस्तू ठेवल्यात, त्या बघू म्हटलं, तर म्हणे, "पुढच्या वेळी."

मला राग आला तो याचा.

१९७५ साली विश्वास खेर पाथरीत आले, जुन्या घराण्यांची माहिती काढली आणि भुसारींचं घर तेच साईबाबांचं, असं मत मांडलं. पुढं स्मारक समितीनं ती जागा घेतली, १९९९ साली मंदिर खुलं झालं. २०२० च्या जानेवारीत पाथरीच्या विकासासाठीच्या शंभर कोटींच्या घोषणेवरून शिर्डीनं बंद पाळला, तेही सर्वांना आठवत असेल.

जन्मस्थान खरं कोणतं, या वादात मला पडायचं नाही. पण जे लोक हा वाद तावातावानं घालतात, त्यांतले कितीजण त्या घरातलं जातं बघायला थांबतात? त्या जात्यावर पहाटे कुणीतरी बाई दळत होती. संत होण्याआधी माणूस कुणाच्या तरी घरातलं पोर असतो, हे देवळापेक्षा जातं नीट सांगतं.

पुण्याच्या दिनकर केळकरांना हे कळलं होतं. त्यांनी आयुष्यभर हिंडून दिवे, अडकित्ते, भांडी, दारं गोळा केली आणि ते संग्रहालय अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावानं उभं केलं. तेरच्या लामतुरेंनी तर आपल्या मराठवाड्यातच, मातीतून निघालेली खापरं नि मूर्ती जपल्या. दोघांचीही संग्रहालयं आज सरकारकडं आहेत.

आणि आम्ही? आमच्याकडं वाडा पडला की सागवान आधी विकलं जातं. माळवद उतरवतात, बळद बुजवतात, ढाळजेच्या जागी शटर येतं. घरात नव्वदीची आजी असते. बाळंतिणीची खोली कुठली, पेव कुठं, हे तिला तोंडपाठ असतं. तिला कुणी विचारत नाही. वाडा पाडणाऱ्यांइतकाच माझा राग न विचारणाऱ्या नातवंडांवर आहे.

पाथरी काही कालचं गाव नाही. अहमदनगरच्या निजामशहांचे पूर्वज इथले कुलकर्णी होते, असं इतिहासकार फिरिश्ता लिहून गेला. याच पाथरीसाठी बुऱ्हाण निजामशहा वऱ्हाडच्या इमादशाहीशी लढला. एवढ्या गावाच्या घरगुती वस्तूंना दोन खोल्यांचं संग्रहालय नक्कीच शोभेल.

ते होईल तेव्हा होवो. तोवर घरातलं जातं, पाटा, दाराची चौकट भंगारात देण्याआधी एक कागद घ्या. वस्तू कुणाची, कुठल्या खोलीतली, कोण वापरायचं, हे आजीला विचारून लिहा आणि तो कागद त्या वस्तूपाशीच ठेवा. या दिवाळीत गावी जाल तेव्हा एवढं कराच.