शेजपाळीचा धर्म



पाटपाण्याच्या कारभारात एक अस्सल मराठी शब्द आहे, शेजपाळी. चारीवरच्या एका शेताचे भरणे झाले की लगतच्या शेताचे, त्याचे झाले की त्याच्या पुढच्याचे. आणि सुरुवात करायची ती शेपटाकडून. शेजार आणि पाळी, दोन्ही या एका शब्दात आहेत. आपण हा शब्द रोज बोलतो. पण त्यातला शेजार कधीच ध्यानातून गेला आणि फक्त पाळी शिल्लक राहिली. तीही आपली स्वतःची!

ऊस विकास विभागाकडे वर्षभर तक्रारी येतात. उन्हाळ्यात येतात त्या अशा : "साहेब, वरच्यांनी रात्री चारी फोडली, आमच्यापर्यंत पाणीच पोचत नाही." गाळप सुरू झाले की येतात त्या अशा : "माझी नोंद आधीची, मग तोड त्याला आधी मिळाली कशी?" वरवर या दोन वेगळ्या गोष्टी दिसतात, पण रोग एकच. पाळी मोडणाऱ्याला ज्याची पाळी मोडली तो माणूस दिसत नाही.

तिसरी एक गोष्ट आहे, तिची तक्रार कुणी लेखी देत नाही. जळीत ऊस. तारेची ठिणगी पडून ऊस पेटतो, ते संकट खरेच. त्या शेतकऱ्याचा ऊस आधी नेलाच पाहिजे, कारण जळलेल्या उसाचे वजन आणि साखर दोन्ही झपाट्याने घटतात. परंतु तोड लवकर मिळावी म्हणून, किंवा पाल्याचा त्रास नको म्हणून काडी लावली जाते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. जळीताची कपात सोसून तो मोकळा होतो. मागे राहतो तो रांगेतला सरळ माणूस. त्याचा ऊस वाळतो, तुरा येतो, वजन जाते. ती कपात कुठल्याच बिलावर लिहिलेली नसते.

वार्षिक सभेत आपण हक्काचे बोलतो आणि ते बोललेच पाहिजे. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. त्या हक्कामागे कायदा उभा आहे. पण चारी फोडू नये, काडी लावू नये, मुकादमाला 'खुशाली' देऊन शेजाऱ्याची तोड पळवू नये, या कर्तव्यांमागे कोण उभे राहणार? चिटबॉय किती रात्री जागणार? कालवा निरीक्षक किती दारांवर बसणार? यामागे फक्त शेजारी उभा राहू शकतो. तोही तेव्हाच, जेव्हा त्याची आपली ओळख असेल, उठबस असेल.

हे मी हवेतले बोलत नाही. धुळे-नाशिकच्या बाजूला पांझरा, मोसम या नद्यांवर शेकडो वर्षे चाललेली फड पद्धत बघा. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात सगळ्यांचे एकच पीक. साधारणपणे प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात. नदीला पाणी कमी असले की एखादा फड कोरडा ठेवायचा. तोटा झाला तर सगळ्यांचा थोडा थोडा, एकट्याचे वाटोळे नाही. पाणी द्यायला पाटकरी, पीक राखायला जागल्या. त्यांचा मोबदला शेतकऱ्यांनीच द्यायचा आणि पाटातला गाळही शेतकऱ्यांनीच काढायचा. पुढे वर धरणे झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, ज्याचे त्याचे पाणी वेगळे झाले आणि बऱ्याच ठिकाणी हा मेळ विसकटला. एकमेकांची गरज संपली की एकमेकांचा धाकही संपतो.

दुसरे उदाहरण आपल्याला थोडे बोचेल, तरीही सांगतो. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नाही, माणसावर वाटायचे. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. आणि एक अट अशी की त्या पाण्यावर ऊस लावायचा नाही! ऊस विकास अधिकाऱ्याने हे कारखान्याच्या अंकात लिहावे काय, असे कुणी म्हणेल. माझे म्हणणे, लिहिलेच पाहिजे. आपले पीक राज्याच्या लागवडीच्या थोड्याच जमिनीवर आहे, पण पाटाच्या आणि विहिरीच्या पाण्याचा फार मोठा वाटा पिते. तेव्हा शेजारच्या गावाची बाई घागर घेऊन टँकरची वाट बघत असेल, तर तो प्रश्न आपला नाही असे उसवाल्याला म्हणता येणार नाही. ठिबक बसवणे, सरी आड सरी पाणी देणे, पाचट न जाळता सरीत दाबणे ही केवळ उत्पन्न वाढवायची युक्ती नव्हे, ते शेजाऱ्याचे देणे आहे. एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकले की पाचटाचे खत होते, ओल टिकते. काडी लावली की धूर गावाला आणि राख वाऱ्याला.

तिसरे उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड धरणाचे. त्याच्या कालव्याच्या शेपटाला ओझर. तिथे पाणी पोचत नव्हते. बापूसाहेब उपाध्ये, भरत कावळे या कार्यकर्त्यांनी १९९० च्या सुमारास शेपटाच्याच शेतकऱ्यांना धरून पाणीवापर संस्था काढल्या. पाणी मोजून घ्यायचे, मोजून द्यायचे, पट्टी वेळेवर भरायची. ते वारे पुढे वरच्या अंगालाही गेले आणि साऱ्या लाभक्षेत्रात संस्था उभ्या राहिल्या. शेतकऱ्यांनी सिंचनाचे व्यवस्थापन करावे असा राज्याचा कायदा झाला तो २००५ साली. म्हणजे माणसे आधी एकत्र बसली, कायदा मागून आला. आपल्या सहकाराचेही तसेच. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून भागभांडवल गोळा केले, धनंजयराव गाडगीळांनी हात दिला, तेव्हा १९५० साली लोणीचा कारखाना उभा राहिला. त्या शेअर्समागे पैशाच्या आधी ओळख होती.

आता शेजाऱ्यांतला एक आपण मोजतच नाही. दिवाळीच्या पुढेमागे बीड, पाथर्डी, जालन्याकडून येणारी तोडणी टोळी चार-पाच महिने आपल्याच शिवारात कोप्या टाकून राहते. पहाटेच्या थंडीत ती माणसे आपला ऊस तोडतात आणि आपल्याला त्यांतल्या एकाचेही नाव माहीत नसते. विहिरीवरून प्यायचे पाणी भरू द्यावे, बायांच्या आडोशाची सोय बघावी, पोरांना गावच्या शाळेत बसवावे. यासाठी संचालक मंडळाच्या ठरावाची वाट कशाला पाहायची? जी पोरे वाढ्याच्या ढिगावर बसून दिवस काढतात, ती पुढच्या पिढीचा कोयता होऊ नयेत, एवढे तरी ज्याच्या रानात टोळी आहे त्या सभासदाने मनावर घ्यावे.

कुणी म्हणेल, "चार माणसं बसली की राजकारणच होतं." होते, नाही कशाला म्हणू? पण न बसल्याने राजकारण थांबले आहे काय? उलट प्रत्येकजण आपापल्या पुढाऱ्याकडे एकटा जातो आणि तिथून पाळी मोडून आणतो. बैठकीत चारीचे आणि तोडीचेच बोलायचे, निवडणूक आणि पॅनेल बांधावर ठेवून यायचे, एवढा दंडक घातला तर पुरे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक आवर्तनाच्या आधी एका चारीवरच्या सभासदांनी एकदा बसावे, आणि ते शेपटाच्या शेतकऱ्याच्या रानात. वरच्याने खालचा सुकलेला ऊस एकदा डोळ्यांनी पाहिला की रात्री चारी फोडायला त्याचा हात सहजी उठत नाही. पाळीपत्रक आणि नोंदीच्या तारखेप्रमाणे तोडणीचा कार्यक्रम देवळाच्या किंवा सोसायटीच्या फळ्यावर लिहावा, म्हणजे कुणाची पाळी कुणी घेतली ते पोराटोरांनाही दिसेल. ऊस जळाला तर लगतच्या दोन सभासदांनी शेटफळ्याशी जाऊन तो कसा जळाला ते सही करून सांगावे. खरे संकट असेल तर हीच सही त्याला आधार देईल. आणि अशा बैठकीला गटातला आमचा शेतकी विभागाचा माणूस बोलवा; तो येईल, खाली बसेल, आधी ऐकून घेईल.

सातबारा ज्याच्या त्याच्या नावाचा असतो. चारी, रस्ता, काटा, गव्हाण आणि प्यायचे पाणी मात्र कुणा एकाच्या उताऱ्यावर लागत नाही. येत्या आवर्तनाला पाणी सुटण्याआधी आपल्या चारीवरचा शेवटचा शेतकरी कोण, हे प्रत्येकाने विचारून घ्यावे आणि त्याच्या बांधावर एकदा जाऊन यावे, एवढीच विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी