तिलाही हवी एक जागा

तालुक्याच्या गावाहून शहरात जायचं म्हणजे बाईचा अख्खा दिवस मोडतो. सकाळची एसटी, मग दवाखाना, लग्नाचा बस्ता, मुलाच्या कॉलेजचं काम... आटपता आटपता दुपार होते. बाजारपेठेतल्या मशिदीतून जोहरची अजान ऐकू येते. बरोबरचा नवरा किंवा मुलगा आत जातो. नळावर वजू करतो, नमाज अदा करतो, पंख्याखाली घटकाभर टेकतो आणि ताजातवाना होऊन बाहेर येतो. आणि ती? ती पिशव्या सांभाळत दुकानाच्या पायरीवर बसून असते. अजान तिनेही ऐकलेली असते. नमाज तिच्यावरही तितकीच फर्ज असते. पण तिला आत जायला दारच नसतं!

आमच्या बचतगटात मुस्लिम भगिनी बऱ्याच आहेत. माल घ्यायला शहरात गेलो की हे चित्र ठरलेलं. गटातल्या एक खाला एकदा सहज बोलून गेल्या, “ताई, शहरात आलं की पाणी कमी प्यायचं आणि राहिलेली नमाज घरी जाऊन कजा करायची. आमचा हिशोब हाच.” त्यात ना राग होता, ना तक्रार. पण मैत्रिणींनो, ‘पाणी कमी प्यायचं’ हे तीन शब्द कुठल्याही धर्माच्या बाईला समजावून सांगावे लागत नाहीत, नाही का?

आता कुणी विचारेल, इस्लाममध्ये बाईला मशिदीत मनाईच आहे ना? आपल्यापैकी अनेकींचा समज तसाच असतो, आणि गंमत म्हणजे कित्येक मुस्लिम बायकांचाही. वस्तुस्थिती वेगळी आहे. मदिनेत प्रेषितांच्या मशिदीत बायका नमाजला येत. पुरुषांच्या रांगांमागे त्यांच्या रांगा असत. मुस्लिमांनी प्रमाण मानलेल्या हदीस-संग्रहांत, बायकांना मशिदीपासून अडवू नका, असं प्रेषितांनी बजावल्याची नोंद आहे. आणखी एक नोंद तर मला फारच आवडते. नमाज चालू असताना एखाद्या बाळाचं रडणं कानावर आलं, तर त्याच्या आईचा जीव कासावीस होऊ नये म्हणून प्रेषित नमाज आटोपती घेत. म्हणजे आई मशिदीत होती, कडेवरचं लेकरूही होतं, आणि त्या दोघांची दखल घेणारं मनही तिथे होतं! आजही मक्केत काबागृहाभोवती स्त्री-पुरुष एकाच वेळी प्रदक्षिणा घालतात. हजला जाऊन आलेली आपल्या गावातली कुणीही हज्जन हे सांगेल.

आपल्या देशातही चित्र सगळीकडे सारखं नाही. केरळातल्या अनेक मशिदींत बायका नियमित नमाजला जातात. कोकणातल्या कितीतरी घरांतली माणसं आखाती देशांत नोकरीला असतात. तिथून सुट्टीवर आलेली सून सांगते, “तिकडे मॉलमध्येसुद्धा बायकांसाठी नमाजची वेगळी खोली असते.” मग परक्या मुलखात जे सहज मिळतं, ते स्वतःच्या जिल्ह्याच्या ठिकाणी का मिळू नये?

हा प्रश्न पुण्यातल्या एका दाम्पत्याने 2019 मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात नेला. त्यावर अखिल भारतीय मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने 2020 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये न्यायालयात सांगितलं की, नमाजसाठी मशिदीत जायला स्त्रियांना मनाई नाही. जमातीत सामील होणं त्यांच्यावर बंधनकारक नाही आणि स्त्री-पुरुषांनी सरमिसळ बसू नये, एवढंच. म्हणजे पुराणमतवादी समजल्या जाणाऱ्या मंडळानेही ‘मनाई नाही’ असं लेखी दिलं. तरीही गल्लीतल्या मशिदीचं दार तिच्यासाठी उघडलेलं दिसत नाही. कारण ‘मनाई नाही’ म्हणणं वेगळं आणि आत एक पडदा, एक नळ, एक चटई ठेवणं वेगळं. कागदावरची परवानगी पायात चप्पल घालून चालत येत नाही, तिला कुणीतरी आणावं लागतं!

विरोधाचे मुद्दे मला ठाऊक आहेत आणि ते सगळेच उडवून लावण्यासारखे नाहीत. पहिला मुद्दा, बाईची नमाज घरातच अधिक चांगली, असंही धर्मग्रंथांत आहे. मान्य. ज्यांना घरी पढायची त्यांनी जरूर घरी पढावी. पण जी दुपारी दोन वाजता एसटी स्टँडवर आहे, तिचं घर तर तीस मैलांवर आहे! दुसरा मुद्दा जागेचा. जुन्या पेठांतल्या मशिदी खरोखरच लहान आहेत, जुम्म्याला पुरुषांनाही रस्त्यावर बसावं लागतं. हेही खरं. पण रोजच्या जोहर-असरला काय स्थिती असते? आणि प्रवासात असलेल्याला तर धर्मानेच सवलत दिली आहे. लांबच्या प्रवासात चार रकातींची फर्ज नमाज दोनच रकातींची होते. म्हणजे प्रश्न दहा-पंधरा मिनिटांचा आणि चार चटयांच्या जागेचा आहे.

मनात आलं तर जागा होते, हे आपण पाहिलंय. 2020 मध्ये कोरोनाच्या काळात पुण्याच्या आझम कॅम्पसमधल्या मशिदीचं सभागृह विलगीकरणासाठी देऊ केलं गेलं. त्याच वर्षी भिवंडीतल्या एका मशिदीत रुग्णांसाठी ऑक्सिजनची सोय झाली. मशीद म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत, ती समाजाची जागा आहे, हे तेव्हा दिसलं. मग समाजात अर्ध्या बायका आहेत, हे विसरून कसं चालेल?

लंडनच्या व्हाइटचॅपल भागातली ईस्ट लंडन मशीद अशीच भर वस्तीत आहे. तिच्या शेजारी 2004 मध्ये समाजकेंद्र उभं राहिलं आणि 2013 मध्ये खास स्त्रियांसाठी ‘मरियम सेंटर’ सुरू झालं. तिथे बायकांचं नमाजगृह आहे, वर्ग चालतात, व्यायामाची सोय आहे, अडलेल्या बाईला सल्लाही मिळतो. एवढा मोठा डोलारा आपल्या गावात लगेच कसा उभा राहणार? पण एक खोली तर होऊ शकते? नमाजच्या वेळी नमाज, एरवी शिवणवर्ग, दहावीच्या मुलींची अभ्यासिका, आठवड्यातून एकदा डॉक्टरीणबाई!

आणि हा प्रश्न ‘त्यांचा’ म्हणून बाकीच्यांनी मान वळवू नये. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना पाऊल ठेवता आलं ते 2016 मध्ये, तेही आंदोलन आणि न्यायालयानंतर. त्याच वर्षी मुंबईच्या हाजी अली दर्ग्याच्या गाभ्यापर्यंत जाण्याचा हक्क मुस्लिम स्त्रियांना उच्च न्यायालयाने परत मिळवून दिला. देव वेगवेगळे असतील, उंबरठ्याबाहेर उभं राहणारी बाई मात्र एकच आहे.

मग करायचं काय? मोर्चा, घोषणा यांच्याआधी साधी विचारपूस करा. चौघी-पाचजणी मिळून मशिदीच्या कमिटीला रीतसर अर्ज द्या. मागणी नेमकी ठेवा: वेगळं दार किंवा पडदा, वजूची आणि स्वच्छतागृहाची सोय, आणि बाहेरगावच्या बाईला दिसेल अशी एक पाटी. नवी मशीद बांधायचं ठरत असेल तर नकाशा पास व्हायच्या आधीच बोला, नंतर ‘आता जागा नाही’ हेच ऐकावं लागतं. घरच्या पुरुषांनाही सांगा, कमिटीत तेच बसतात ना! आणि शहरातल्या ज्या मशिदीत अशी सोय आहे, तिचा पत्ता एकमेकींना सांगा. बायका येत नाहीत म्हणून सोय नाही आणि सोय नाही म्हणून बायका येत नाहीत, हा फेरा तोडायला कुणीतरी पहिलं पाऊल टाकायला हवं.

हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती मैत्रिणींनो, पुढच्या वेळी शहरात गेलात आणि बरोबरच्या भाभीची नमाजची वेळ झाली, तर तिच्या पिशव्या आपण सांभाळूया. “जा, तू पढून ये, मी आहे इथे,” एवढं म्हणूया. फक्त ‘जा’ म्हणताना तिला जायला एक जागा असली पाहिजे. ती जागा करून देणं कमिटीतल्या कर्त्या पुरुषांच्या हाती आहे, आणि ती मागणं आपल्या!