घट्ट बसलेले मळसूत्र आणि आपली घाई

१/ गेल्या महिन्यात नांदगावातील एका परिचिताने मला एक छायाचित्र पाठवले. घरातील जुनी ठासणीची बंदूक, शेगड्यात आवळलेली नळी, नळीच्या मागील तोंडाचा गंजलेला आटेदार खिळा आणि त्यावर लांब पाइप चढवलेला पान्हा. सोबत एकच प्रश्न : “सुटत नाही, तापवू का?” मी तत्काळ ‘नको’ असे कळवले. त्या एका शब्दामागचा इतिहास मांडण्यासाठी हा धागा.

२/ बारुदाच्या बंदुकीत सर्वांत अवघड भाग कोणता? चाप नव्हे, दस्ताही नव्हे. नळीचे मागचे तोंड बंद करणे हे खरे आव्हान असते. स्फोटाचा दाब जितका गोळीवर पडतो, तितकाच मागेही येतो. ते बूच निसटले, तर बंदूक ती चालवणाऱ्याचाच जीव घेते.

३/ याचे प्रसिद्ध उदाहरण जपानचे आहे. १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगिजांसोबत बंदूक आली. तेथील लोहारांनी तिच्यासारखी नळी घडवली, परंतु तिचे बूड कसे बंद करावे हे त्यांना उमगेना. पुढील वर्षी जहाजातून आलेल्या एका परदेशी लोहाराकडून ते शिकावे लागले, अशी हकिकत १६०६ च्या ‘तेप्पोकी’ या जपानी वृत्तान्तात आहे. बाहेरचे आटे पाडणे तुलनेने सोपे. नळीच्या आत आटे पाडणे महाकठीण.

४/ आपल्याकडे काय होते? ‘ऐन-इ-अकबरी’त नळ्या घडवण्याचे तपशील आहेत आणि बैलशक्तीने फिरणाऱ्या, एका वेळी सोळा नळ्या साफ करणाऱ्या चक्राचेही वर्णन आहे. मात्र मोगलकालीन तंत्रज्ञानाच्या अभ्यासकांनी एक विलक्षण गोष्ट नोंदवली आहे. आटे कापणारे चरक येथे प्रचारात नसल्याने कारागीर खिळ्याभोवती तार गुंडाळून ती डाखाने जोडत आणि मळसूत्राचे काम भागवत.

५/ असे मळसूत्र कापलेल्या आट्यांइतके नेमके बसत नसे, हे मान्य करावे लागेल. परंतु त्याला ‘मागासलेपणा’ म्हणून सोडून देणे हा आळस आहे. हाताशी असलेल्या साधनांतून काढलेला तो विचारपूर्वक तोडगा होता. शिवाय तोड्याच्या बंदुकीची नळी दस्त्याला बहुधा तारेच्या, चामड्याच्या किंवा धातूच्या बंदांनीच बांधलेली असे. बंद सोडले की नळी मोकळी. पान्ह्याची गरजच नव्हती!

६/ आता आपल्या परिसराकडे या. एप्रिल १८१८ मध्ये अंकाईचा किल्ला लढाईविना इंग्रजांच्या हाती गेला. मालेगावी मात्र नारोशंकरांच्या भुईकोटातील अरब शिपाई मे-जूनमध्ये जवळपास चार आठवडे झुंजले. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणेच गुन्हा ठरवले. जी थोडी शस्त्रे माळ्यांवर उरली, ती म्हणूनच दुर्मीळ पुरावा आहेत.

७/ पुढचा बदल रेल्वेने आणला. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४१ मध्ये आट्यांचे प्रमाण सुचवले : कोन ५५ अंशांचा आणि प्रत्येक व्यासाला ठरावीक आटे. तोवर प्रत्येक कारखान्याचा नट निराळा असे. पुढे याच व्हिटवर्थने षट्कोनी पोकळीची रायफलही बनवली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग नांदगावातून गेला, तेव्हा रुळांसोबत अदलाबदल करता येणाऱ्या नट-बोल्टांचे जगही आपल्या दारी आले.

८/ आज आपली सवय त्या जगाची आहे. नट अडला तर तेल सोडा, पान्हा लावा, तरीही न सुटल्यास कापून नवा बसवा. आधुनिक रायफलीतही हेच तत्त्व आहे. १९५० च्या दशकात यूजीन स्टोनर यांनी आखलेल्या रायफलीत पोलादी नळी एका नटाने ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला जोडलेली असते. दोन भिन्न धातू ओलाव्यात एकमेकांना खातात, म्हणून तेथे विशिष्ट वंगण लावतात आणि नट ठरावीक जोराने आवळतात. तो नट सुट्या भागांच्या दुकानात पुन्हा मिळतो.

९/ माळ्यावरच्या बंदुकीचा मिळत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून आट्यांच्या फटी भरून पकड घट्ट होते. त्यावर पाइप चढवून जोर लावला तर प्रथम काय तुटेल? डाखाने जोडलेली ती तार. तापवले तर प्रथम काय वितळेल? तोच डाख. म्हणजे स्थानिक लोहाराने मळसूत्र कसे साधले, याचा एकमेव साक्षीदार आपण ‘स्वच्छता’ करताना संपवणार.

१०/ दुसरा धोका जिवाचा आहे. जुन्या बंदुका भरलेल्या स्थितीत ठेवून दिलेल्या असू शकतात आणि कोरडी राहिलेली काळी बारूद शतकानंतरही पेटते. बंद नळीला ज्योत लावणे म्हणजे बंदूक डागणेच होय.

११/ तिसरी बाब कायद्याची. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात जुन्या, पुरातन शस्त्रांना सूट आहे. पण दुरुस्ती करूनही जे बंदूक म्हणून वापरता येणार नाही, अशाच शस्त्राला. आपली बंदूक त्यात बसते की नाही, हे आपण परस्पर ठरवू नये. पोलीस ठाण्यात कळवावे, पुरातत्त्व विभागाचा सल्ला घ्यावा.

१२/ यावर एक आक्षेप रास्त आहे : “मग काय, गंजून जाऊ द्यायचे?” मुळीच नाही. धोका नसल्याची खात्री जाणकाराकडून झाल्यावर वस्तू कोरड्या जागी ठेवा, सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्या, मापे लिहा, घरातील वडीलधाऱ्यांची आठवण नोंदवा. आतले आटे पाहायचेच असतील, तर क्ष-किरण ते काम न उघडता करतात. पॉलिश पेपर आणि ॲसिड मात्र दूर ठेवा. ठसे आणि अक्षरे त्यांनीच पुसली जातात.

१३/ गडसंवर्धनाची आपल्या पिढीची तळमळ खरी आहे, मीही तिच्यातलाच. पण तळमळीला संयमाची जोड नसेल, तर आपणच इतिहासाचे शेवटचे शत्रू ठरू. मनमाडच्या रेल्वे कारखान्यातील कुशल फिटरही अडलेल्या नटाला आधी निरखतो, मग हात लावतो. अभ्यासकाने त्याच्याहून उतावीळ का असावे?

१४/ त्या परिचिताने पान्हा खाली ठेवला आहे. खिळा अजून घट्टच आहे, आणि त्याच्या आत तार आहे की कापलेले आटे, हे आम्हांला ठाऊक नाही. पण ते कळण्याची शक्यता अद्याप शिल्लक आहे. तुमच्या माळ्यावर असे काही असेल, तर ती शक्यता मोडू नका.