गॅदरिंगमध्ये तुमची मुलगी कुठल्या रांगेत?

दिवाळीची सुट्टी संपली की शाळेतून एक चिठ्ठी घरी येते. तिच्यावर ‘वार्षिक स्नेहसंमेलन’ असे छापलेले असले तरी आपण सगळ्या त्याला गॅदरिंगच म्हणतो. आता ही चिठ्ठी मोबाइलवर येते, एवढाच काय तो फरक. शेवटी एक ओळ ठरलेली असते : पोशाखाचे भाडे अमुक तारखेच्या आत जमा करावे. मग भाजीच्या गाडीपाशी तेच बोलणे सुरू होते. “आमच्या पिंकीला पुढच्या रांगेत घेतलं!” “आमच्या बंड्याला झाड केलंय हो, नुसतं उभं राहायचंय!”

आज मी आई म्हणून नाही, तर टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहिते आहे. जळगावच्या एका शाळेत मी अर्धवेळ शिकवते. ‘तुम्हाला गाण्याची हौस आहे ना,’ असे म्हणून गॅदरिंगचे दोन-तीन कार्यक्रम दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतात. सल्ला देण्याआधी माझी एक चूक सांगून टाकते, म्हणजे सल्ला द्यायचा थोडा तरी हक्क मला उरेल.

मागच्या वर्षीची गोष्ट. एक लोकगीत बसवायचे ठरले. मी वर्गात विचारले, “गावाकडचं एखादं गाणं कोणाला येतं?” मागच्या बाकावरून एका मुलीने हात वर केला. तिचे वडील कामासाठी धुळ्याकडच्या एका खेड्यातून इकडे आलेले. मुलगी वर्गात फारशी बोलत नसे. ती उभी राहिली आणि आनंदाने म्हणाली, “बाई, माले येस गानं!”

सगळा वर्ग हसला. आणि मी काय म्हटले असेल? “आधी नीट बोल, मग गाण्याचं बघू.”

ती खाली बसली. मी मोबाइलवरचे एक गाणे निवडले, उंचीप्रमाणे बारा मुली काढल्या आणि तालमी सुरू केल्या. पोशाखाचे भाडे साडेतीनशे रुपये ठरले. चार-पाच मुलींनी ‘बाई, मला नाही घ्यायचं’ म्हणून आपणहून नाव मागे घेतले. का घेतले, ते मी विचारलेसुद्धा नाही.

आठवड्याने त्या मुलीची आई शाळेच्या फाटकाशी भेटली. रुमालात बांधलेले पैसे तिच्या हातात होते. माझ्याशी ती अगदी जपून जपून, पुस्तकातल्यासारखे बोलत होती. म्हणाली, “बाई, पैशांचं काही नाही, पैसे मी आणले आहेत. पण ती म्हणते, मला गाणं येत नाही.”

मैत्रिणींनो, त्या रात्री मला जेवण गेले नाही. माझे माहेर धुळ्याचे. आमची आजी घरात अहिराणीच बोलायची. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसायची, तेव्हा आजी रात्रभर गाणी म्हणायची. एक संपले की दुसरे, वही नाही की कागद नाही. पण घरी पाहुणे आले की आम्ही पोरे तिला खुणावायचो, “आजी, नीट बोल ना!” मग ती गप्प बसायची. तिची गाणी आम्ही कोणी लिहून घेतली नाहीत. ती गेली, तिच्याबरोबर गाणीही गेली. आणि तेच दोन शब्द, ‘नीट बोल’, मी एका नऊ वर्षांच्या मुलीला ऐकवले होते!

गंमत बघा. आपल्या जळगावपासून अगदी जवळ असोदे गाव आहे. तिथे १८८० साली बहिणाबाई चौधरींचा जन्म झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरात आणि शेतात काम करता करता, आपल्या घरच्या बोलीत त्या ओव्या रचत आणि गात. मुलगा सोपानदेव आणि एक मावसभाऊ यांनी त्यातल्या काही उतरवून ठेवल्या, म्हणून त्या वाचल्या. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. आज त्यांची कविता शाळेत शिकवली जाते. २०१८ साली आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. म्हणजे पुस्तकात ही बोली आली की आपण मान डोलावतो, आणि तिच्याच बहिणीसारखी बोली मागच्या बाकावरून आली की हसतो. सोपानदेवांनी ‘आई, नीट बोल’ म्हटले असते, तर?

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या बाईंकडे गेले. म्हटले, “मला आणखी एक कार्यक्रम द्या. त्याला भाडं नको, रेकॉर्ड नको. ज्या मुलीला यायचंय तिनं यायचं.” मोठ्या बाई म्हणाल्या, “आणि बसवणार काय?” मी म्हटले, “गुलाबाई.”

इतर जिल्ह्यांतल्या मैत्रिणींसाठी सांगते. पुण्याकडे भोंडला, कोल्हापूरकडे हादगा, विदर्भात भुलाबाई, तशी आमच्या खानदेशात गुलाबाई. जळगावात भुलाबाईही म्हणतात. भाद्रपद पौर्णिमेला मुली मातीची गुलाबाई आणि गुलोजी मांडतात. ही माहेरी आलेली पार्वती. कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी मुली घरोघर जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणतात. गाण्यांत सासू-नणंदेची गाऱ्हाणी असतात, माहेरची ओढ असते आणि भरपूर चेष्टाही असते. शेवटी झाकलेला डबा वाजवून आतला खाऊ ओळखायचा. जळगावात आता भुलाबाई महोत्सव भरतो आणि त्यात शाळाशाळांच्या मुली उतरतात. गुलाबाईचे दिवस तेव्हा उलटून गेले होते खरे, पण गॅदरिंगला तिथी कोण बघतो?

मग मी वर्गात गेले आणि सगळ्यांसमोर म्हटले, “त्या दिवशी मी चुकले. तिला गाणं येतं, आणि मला ते शिकायचंय.” तुम्हाला वाटेल, मुलगी धावत पुढे आली असेल. तसे काही झाले नाही. ती बाकाकडे बघत राहिली. दोन दिवस ती नुसती रिंगणात उभी राहिली. तिसऱ्या दिवशी मी एक गाणे आजीच्या आठवणीने म्हणू लागले आणि एका शब्दावर अडखळले. तेव्हा शेजारून हळूच आवाज आला, “बाई, आसं नही, आसं म्हना.” पुन्हा वर्ग हसला, पण या वेळी हसू माझे होते. मी तो शब्द तिच्याकडून तीनदा म्हणून घेतला, आणि चुकले तेव्हा चौथ्यांदाही.

बाराच्या जागी एकतीस मुली झाल्या. शिपाईकाका भजनी मंडळात ढोलकी वाजवतात, ते तालमीला बसू लागले. रिंगणात पुढची रांग नसते, हे तेव्हा माझ्या लक्षात आले. रोजच्या परिपाठाचेही तसेच आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात आमच्याच जिल्ह्यात, अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. तिथले वसतिगृहही सांभाळत. त्यांची प्रार्थना महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांमध्ये म्हटली जाते. ती म्हणताना कोण पुढे, कोण मागे, कोणाचा सूर गोड, हे कोणी बघत नाही. शाळेचे गाणे म्हणजे खरे तर ते.

गॅदरिंगच्या दिवशी आमचे गाणे काही अगदी बिनचूक झाले नाही. एकीची टिपरी उडून पाहुण्यांच्या पुढ्यात पडली. डबा ओळखायची वेळ आली तेव्हा डबा वाजेचना. आमच्या हुशार मुलींनी त्यात जळगावची केळी भरली होती, ती वाजणार कुठून? सगळे पटांगण हसले. पण दुसऱ्या गाण्याला खुर्च्यांवर बसलेल्या आया टाळ्या धरून आपणच गाऊ लागल्या. लाउडस्पीकरवरच्या गाण्याला असे होताना मी पाहिलेले नाही. त्या मुलीची आई मागे भिंतीशी उभी होती. तीही गात होती. काय गात होती, ते इतक्या लांबून मला ऐकू आले नाही.

ती मुलगी अजूनही वर्गात कमीच बोलते. पण आता काही सांगायचे असेल तर आधी इकडे-तिकडे बघत नाही.

आता या वर्षीच्या गॅदरिंगसाठी घरच्या चार गोष्टी, अनुभवाच्या :

पोशाख : लहान मुलीला लुगडे नेसवायला भाड्याची गरज नाही. आपली जुनी, मऊ सुती साडी लांबीत अर्धी दुमडून घ्या आणि कडेने कच्चा धावदोरा घाला. नंतर उसवला की साडी जशीच्या तशी. कमरेला आधी नाडी घट्ट बांधा, साडी तिच्यात खोचा आणि पिना आतल्या बाजूने लावा. तालमीत एकदा तरी नेसवून नाचू द्या. वर्गात एखादीकडे साडी नसेल तर तुमची दुसरी द्या, पण गाजावाजा न करता.

टिपऱ्या : सुताराकडून करून घेतल्या तर काचकागदाने चांगल्या घासा, नाहीतर हाताला कुसळे भरतात. वर खोबरेल तेलाचा हात फिरवा. घुंगरू बांधायचे तर दोरा पक्का हवा. सुटलेल्या घुंगरावरून मुले घसरतात.

घसा : तालमीच्या दिवसांत मुलांना ओरडून गायला लावू नका. आदल्या दिवशी आवाजाला विश्रांती द्या. कोमट पाणी, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि बर्फाचे पदार्थ बंद, एवढे पुरते.

खाणे : मुलांना दुपारपासून नटवून बसवतात आणि त्यांचा नंबर लागतो रात्री आठला. मग उपाशीपोटी चक्कर येते. निघताना दशमी, केळे किंवा मऊ खिचडी पोटात जाऊ द्या. बरोबर पाण्याची बाटली हवीच.

रंगरंगोटी : चेहऱ्याला लावायचा रंग आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून बघा. खाज किंवा लाली आली तर तो लावू नका. नुसती पावडर, काजळ आणि टिकली यांतही मूल छान दिसते.

मोबाइल : फोटो एक-दोन पुरेत. मूल स्टेजवरून आईचा चेहरा शोधत असते. तिथे त्याला मोबाइलची पाठ दिसू नये. आणि हो, रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद ठेवायचा नियम आहे. तेव्हा भाषणे आटोपती घ्या, असे शाळेला आपणच सांगावे. त्यात मुलांच्या झोपेचीही सोय आहे.

शेवटी एकच. त्या रात्री घरी आल्यावर ‘तू कुठल्या रांगेत होतीस?’ असे मुलीला विचारू नका. ‘तुझ्या शेजारी कोण होतं?’ असे विचारा. आणि घरात आजी असेल, सासूबाई असतील, तर त्यांना एखादे गाणे म्हणायला सांगा. मुलांना ते शिकू द्या, आणि तुम्ही वही-पेन घेऊन बसा. ज्या बोलीत त्या म्हणतील, त्याच बोलीत लिहून घ्या. एक शब्दही ‘नीट’ करू नका.

आमच्या घरात ते राहून गेले. तुमच्या घरात अजून वेळ आहे, म्हणून सांगितले.