अलिप्ततेचा भुर्दंड कुणाला?

चारठाण्याच्या शेतकऱ्याचा बांधाचा दावा जिंतूरच्या दिवाणी न्यायालयात चालतो. तारखेच्या दिवशी हातातलं काम टाकून, सातबारा-फेरफाराच्या नकला पिशवीत घालून, साक्षीदाराचंही भाडं भरून तो तालुक्याला जातो. तिथं कधी कळतं, की वकील संघाने आज कामकाजापासून अलिप्त राहण्याचा ठराव केला आहे. मग पुढची तारीख घ्यायची नि परतायचं. ठरावामागचं कारण रास्तही असेल, एखाद्या वकिलावर हल्ला झाला असेल. पण भुर्दंड पडतो तो त्या भांडणाशी काडीचाही संबंध नसलेल्या पक्षकारावर.

इथं वकील परिषद आणि वकील संघ यांची गल्लत होते. 1961च्या अधिवक्ता कायद्याखालची महाराष्ट्र व गोवा वकील परिषद सनद देते, गैरवर्तनाच्या तक्रारी ऐकते. तालुक्याचा वकील संघ ही सभासदांची संघटना. त्यांची गाऱ्हाणी मांडणं हे तिचं कामच. मात्र वकीलपत्र असतं पक्षकार आणि वकील यांच्यातलं. संघ त्यात तिऱ्हाईत. त्याच्या ठरावाने वकिलाची जबाबदारी संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 2002 रोजी हरीश उप्पल प्रकरणात स्पष्टच सांगितलं, की वकिलांना संपाचा हक्क नाही. निषेध नोंदवायचा तर पत्रक काढा, फिती लावा, आवाराबाहेर शांततेत मोर्चा न्या. न्यायव्यवस्थेची प्रतिष्ठा किंवा स्वातंत्र्यच पणाला लागलं, तर अगदी विरळा प्रसंगी एका दिवसाची मुभा. (हे विरळा प्रसंग आपल्याकडे वरचेवर येतात, हा भाग निराळा.)

यावर वकील म्हणतील, कोर्ट बंद पडल्याशिवाय आमचं ऐकतं कोण? कोल्हापूरचंच बघा. सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी वर्षानुवर्षं लढा दिला, तेव्हा कुठं 18 ऑगस्ट 2025ला सर्किट बेंच सुरू झालं. लढ्याचा वाटा नाकारण्यात अर्थ नाही. मराठवाड्याला औरंगाबाद खंडपीठाचं मोल 27 ऑगस्ट 1981पासून ठाऊक आहे; चारठाण्याचा माणूस अपिलासाठी मुंबई गाठत नाही, तो त्यामुळेच. पण त्या मागण्या पक्षकाराची पायपीट वाचवणाऱ्या होत्या. वकिलांच्या रोजच्या तक्रारींचं वजन तेवढं नसतं. शिवाय त्यांच्यासाठी वाटही आहे: एप्रिल 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांना तक्रार निवारण समित्या नेमायला सांगितलं, जिल्हा पातळीवरही त्या नेमता येतील असं सुचवलं. संघाने आधी तिथं अर्ज द्यावा. तरीही अलिप्त राहायचंच ठरलं, तर निदान जामिनाचे अर्ज आणि बाहेरगावाहून आलेले साक्षीदार त्यातून वगळावेत, आणि ठराव आदल्या दिवशी पक्षकारांना फोनवर कळवावा. चारठाण्याची एसटी सकाळी सुटायच्या आत.