भांडी घासण्यात कमीपणा कसला?



परदेशी शिकणाऱ्या मुलाची चौकशी केली की घरचे विद्यापीठाचे नाव अभिमानाने सांगतात. तो संध्याकाळी हॉटेलात भांडी घासतो, हे मात्र कोणी सांगत नाही. आपला एक माजी विद्यार्थी जपानमध्ये शिकतो आणि तिथल्या एका लहान उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात काम करतो. घरी हा विषय निघाला की आवाज खाली येतो. तो स्वतः मात्र या कामाबद्दल समाधानाने बोलतो. ते समाधान समजून घ्यावे, असे मला वाटते.

अशा अर्धवेळ कामाला जपानीत ‘आरुबाइतो’ म्हणतात. मूळ शब्द जर्मन. परवानगी घेऊन विद्यार्थ्याला आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येते. पाणी स्वच्छ येईपर्यंत तांदूळ धुणे, मुळा किसणे, भांडी, शेवटी फरशी. ‘दाशी’ हे पातळ सार समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या माशाच्या कापांपासून करतात. ते जमले नाही तर पुढचे बरेच पदार्थ बिघडतात. म्हणून लहान कामही लहान राहत नाही. वर्गात भाषा अडते तेव्हा हा मुलगा परका असतो. स्वयंपाकघरात त्याचा भात झाल्याशिवाय वाढप सुरू होत नाही. काम संपल्यावर सगळे एकमेकांना ‘ओत्सुकारेसामा’ म्हणतात, म्हणजे आपण श्रम केलेत याची दखल. ती आचाऱ्याची घेतात, तशी भांडी घासणाऱ्याचीही.

पालकांनी दुसरी बाजूही पाहावी. या कमाईवर फी आणि राहणे दोन्ही सहज भागेल, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. तासांची मर्यादा ओलांडली तर व्हिसा धोक्यात येतो. कर्जाच्या ओझ्याखाली रात्री जागून केलेल्या कामात कसले समाधान? शिक्षण आधी, काम त्याच्या जोडीला.

जपानच्या प्राथमिक शाळांत मुले स्वतः जेवण वाढतात आणि वर्ग झाडतात. श्रमाचा मान तिथे लहानपणीच हाताला लागतो. मी हिंदी माध्यमात शिकलो. ‘श्रम का महत्त्व’ हा आमचा ठरलेला निबंध. गुण मिळत, हात कोरडेच राहत. आजही आपण गाडगेबाबांचे नाव घेतो आणि झाडू दुसऱ्याच्या हाती देतो.

म्हणून विश्वस्त मंडळाला माझी विनंती आहे: यंदाच्या स्नेहसंमेलनात जेवण वाढणे आणि नंतरची भांडी घासणे नववीच्या वर्गाकडे द्यावे. मुलगे आणि मुली, दोघांकडेही. पालकांनी त्या दिवशी मुलांना हात धरून बाजूला नेऊ नये. आणि परदेशातल्या त्या मुलाचे वडील भेटले, तर मुलगा भात कसा करतो, हे जरूर विचारावे. मोठ्याने विचारावे.